यमुनाक्का, शिवण बाहेरच राहील

यमुनाक्का, तू निगर्वी होतीस, ही बातमी मला गेल्या आठवड्यात हॉस्पिटलच्या सभागृहात समजली. तू अबोल होतीस, अशिक्षित असूनही हुशार होतीस आणि प्रसिद्धीपासून दूर राहायचीस, हेही तिथंच समजलं. मी खुर्चीतून अर्धी उठून व्यासपीठावरचा फोटो पुन्हा नीट पाहिला. फोटो तुझाच होता. फक्त रंग बराच उजळवला होता आणि नाकातल्या दोन्ही बाजूंच्या चमक्या पुसल्या गेल्या होत्या, त्यामुळे शंकेला थोडी जागा होती. शेजारी तुझी भावजय भामा बसली होती. ती पदराआडून मला म्हणाली, "अगे, हे कोणाबद्दल बोलतायत?"

तू बी.कॉम. होतीस, सेकंड क्लास, आणि हे तू नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचीस. दुकानाच्या पाटीवर तुझं नाव देवाच्या नावापेक्षा मोठं होतं. कुणी पोशाखाची स्तुती केली की "शिवलंय कोणी मग?" असं विचारून उत्तराची वाट पाहायचीस. अबोल तर तू भूल दिल्यावरही राहिली नसतीस.

मृत्युलेख वाचायची मला जुनी खोड आहे. मराठीत माणूस मेला की तो आपोआप हसतमुख, अजातशत्रू आणि निगर्वी होतो. जिवंतपणी ज्याला सोसायटीत कुणी जिन्यात ओळख देत नव्हतं, तोही ‘सर्वांना हवाहवासा’ होतो. तमिळ आणि इंग्रजी वृत्तपत्रांतही फार वेगळं चालत नाही. पण तुझे शत्रू इतके होते की तू यातून सुटशील असं मला वाटलं होतं. नाही सुटलीस.

मी तिथल्याच भाजलेल्या रुग्णांच्या वॉर्डात फिजिओथेरपिस्ट, म्हणून आम्हांला दुसऱ्या रांगेत जागा मिळाली. पहिली रांग ज्यांनी तुला कधी पाहिलं नव्हतं त्यांच्यासाठी राखीव होती. संचालकांनी फोटोला हार घातला. फोटोग्राफर म्हणाला, "सर, फ्लॅश पडला नाही." संचालकांनी हार काढला आणि पुन्हा घातला. मग जरा कॅमेऱ्याकडे बघत तिसऱ्यांदा घातला. त्यानंतर एका डिझाइन संस्थेतून आलेले, गळ्यात ओळखपत्र आणि खांद्याला तागाचा झोळा अडकवलेले गृहस्थ बोलले. विज्ञानाचं डोकं आणि कारागिराचे हात एकत्र आले की काय होतं, ते त्यांनी पडद्यावर दोन वर्तुळं काढून दाखवलं. एका वर्तुळात डोकं, दुसऱ्यात हात. तुझं डोकं कुठल्याच वर्तुळात नव्हतं. त्याच डोक्याशी वाद घालता घालता माझे केस पांढरे झाले आहेत, म्हणून मला ते चटकन जाणवलं.

शेवटी एका टेबलावरचा रेशमी रुमाल बाजूला झाला आणि खाली पांढऱ्या खोक्यांची चळत दिसली. खोक्यावर नाव ‘यमुना’. लहान, मध्यम, मोठा. नावाखाली तुझं रेखाचित्र: अंबाडा, झुकलेली नजर, हातात सुई-दोरा. तू जन्मभर मशीनवर शिवलंस. येत्या सोमवारपासून रुग्णांची मापं घेणं बंद, असं संचालक म्हणाले. आता भाजल्याच्या व्रणांवर घालायचा घट्ट कपडा तयारच खोक्यातून मिळेल, कुणालाही वाट पाहावी लागणार नाही, हीच खरी श्रद्धांजली. शोकसभेत टाळ्या वाजवाव्यात की नाही याबद्दल जरा गोंधळ झाला, पण वाजल्या.

चहाच्या वेळी मी एक खोकं उघडलं. कापड चांगलं होतं, तुझ्याकडच्यापेक्षाही चांगलं असेल. मग मी कपडा उलटून पाहिला.

अक्का, त्यांनी शिवण आत घेतली आहे.

यात काय बिघडलं, ते पहिल्या रांगेतल्या कुणालाही सांगून कळलं नसतं. तुला सांगायची गरज नाही. तरी सगळं पुन्हा आठवते आहे, कारण तिथं कुणी आठवलं नाही.

आमच्या वॉर्डाचे डॉ. इळंगो तुझ्या मैलापूरच्या दुकानात पहिल्यांदा आले ते प्लास्टिक सर्जन म्हणून नाही, एका नाचणाऱ्या मुलीचा बाप म्हणून. तुमच्या घराण्यात तंजावरपासून शिंपीकाम, आणि मद्रासला आल्यावर भरतनाट्यमचे पोशाख. त्यांच्या मुलीचं अरंगेत्रम, म्हणजे पहिला जाहीर कार्यक्रम, होता. मुलगी उड्या मारत होती, अर्धी बसत होती, गिरक्या घेत होती, आणि चोळी अंगावरून कुठंही हलत नव्हती. बाकीचे आईबाप रडत होते तेव्हा हे गृहस्थ मुलीच्या बगलेतली शिवण बघत बसले होते. दुसऱ्या दिवशी ते तुझ्याकडे आले. तू हे मला नक्कल करून इतक्या वेळा सांगितलंस की मी तिथं नव्हते हेच आता मला खरं वाटत नाही.

"आमच्या पेशंटसाठी असं शिवाल का? सगळीकडून सारखं दाबून बसेल असं?"

"सारखं दाबलं तर ती नाचणार कशी?"

"नाचायचं नाही, अम्मा. भाजलेली जखम भरली की कातडी जाड होते, गाठाळते, आखडते. मान छातीला चिकटते, बोटं मिटून जातात. ती कातडी दाबून ठेवायची. रात्रंदिवस."

"रात्रंदिवस? मग धुवायचं कधी?"

"दोन शिवा."

"मग तसं सांगा," असं म्हणून तू चष्मा नाकावर घेतलास.

आणि पहिलाच कपडा साफ चुकवलास. नाचणाऱ्या मुली वाढतात, म्हणून पोशाखाच्या आत दोन बोटं कापड दुमडून ठेवायचं, पुढच्या वर्षी उसवून सोडायला. तुमच्या धंद्यात असं न करणाऱ्याला शिंपी म्हणत नाहीत. तू सवयीनं तेच केलंस. ज्याच्यासाठी शिवलास तो माणूस लग्नाच्या पंगतीत स्वयंपाक करणारा आचारी होता, छाती आणि दंड भाजलेले. आतल्या त्या जाड दुमडीनं संध्याकाळपर्यंत त्याची नवी कातडी घासून रक्त आलं. डॉक्टर वॉर्डातल्या रबरी चपला घालूनच तुझ्या दुकानात शिरले. त्या दिवशी मी पहिल्यांदा तुला पाहिलं, कारण ते मलाही ओढत घेऊन आले होते.

"शिवलंय काय हे? किसणी?"

"कातडी ओल्या कागदासारखी असते, हे तुम्ही मला सांगितलंत का?"

भांडण तमिळमध्ये सुरू झालं होतं. मी मराठी आहे असं कळल्यावर तू मध्येच माझ्याकडे वळलीस: "अगे, तू तरी सांग कीं ह्यांस! उभी काय म्हणून राहिलीस? बैस आधी." मद्रासला येऊन मला काही महिने झाले होते. नवरा ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात, घरी येईपर्यंत अंधार. कुणी मला ‘बैस’ म्हणालं नव्हतं. मी बसले, आणि मग उठलेच नाही असं म्हणायला हरकत नाही. माझी सांगलीची मराठी तुला फार घाईतली वाटायची. तुझी तंजावरी मराठी मला जुन्या दप्तरातून वाचल्यासारखी वाटायची, मध्ये तमिळचे ठिपके. माझी मुलं मला तमिळमध्ये उत्तरं देतात अशी तक्रार मी एकदा केली, तर म्हणालीस, "भांडतात कोणत्या भाषेत? मराठीत? मग पोदुम. तेवढं पुरे."

भांडणाच्या दुसऱ्या दिवशी तू वॉर्डात आलीस. "दाखवा." आचाऱ्याला विचारून तू बोटाच्या मागच्या बाजूनं त्याच्या दंडावरून हात फिरवलास. पुढून नाही; सुईनं बोटांची टोकं दगड झाली आहेत, म्हणालीस. मग माझ्या डब्यातला दहीभात निम्मा खाल्लास आणि गेलीस. पुढचा कपडा आला तो सगळ्या शिवणी बाहेर काढून. आतून काचेसारखा सपाट. आचारी खूश नव्हता. "अम्मा, उलटा घातल्यासारखा दिसतो. लोक हसतील." तेव्हा तू त्या बाहेरच्या शिवणींवर नर्तकीच्या चोळीला लावतात तशी लाल मखमली पट्टी चढवलीस. उघडी शिवण म्हणजे जणू सजावटच. तो पुढं शर्टाची वरची दोन बटणं मुद्दाम सोडून फिरायचा.

असं झालं ते काम. मी सांगायची कुठं किती घट्ट हवं. डॉक्टर अंगठ्यानं व्रण दाबून पाहायचे, पांढरा पडतो का. तू तोंडात टाचण्या धरून आम्हां दोघांना नावं ठेवायचीस. टाचण्यांमुळे ती नीट ऐकू येत नसत, एवढीच सोय.

तू नेहमी बरोबर होतीस असंही नाही, आणि हे मी तुझ्याच तोंडावर कित्येकदा सांगितलं आहे. एका कॉलेजातल्या मुलीच्या गळपट्टीला तू माझं न ऐकता जरीची किनार लावलीस. मुलगी खूश, तू खूश, आणि तीन दिवसांत मानेवर पुरळ. मी ती उसवली, तेव्हा तू आठवडाभर माझ्याशी बोलली नाहीस, फोन उचलून भामाकडे द्यायचीस आणि तिला मोठ्यानं सांगायचीस, "म्हणावं, मी दुकानात नाहीं."

आणि ते शुक्रवारचं भांडण. ते आपलं मिटलंच नाही. प्रत्येक मुलीच्या आईला तू ‘शुक्रवारी या’ सांगायचीस. कुठला शुक्रवार हे तुलाही माहीत नसे. ठीक आहे, सगळे शिंपी सांगतात. पण तू तीच रीत वॉर्डात आणलीस. हा कपडा वर्षभर, कधी त्याहून जास्त, जवळजवळ चोवीस तास घालावा लागतो, हे रुग्णाला स्पष्ट सांगायचं असं आमचं शास्त्र. तू सांगायचीस, "पोंगलपर्यंत घाल." पोंगल आला की "आता उन्हाळा जाऊ दे." मी संतापायची.

"अक्का, हे फसवणं आहे."

"वर्ष सांगटलं तर ती आजच काढून फेकेल."

"तिचं आयुष्य आहे, तिला कळायला नको?"

"कळेल कीं. एकदम कशाला कळायला पाहिजे?"

डॉक्टर माझ्या बाजूनं होते. एक बाई खोटं कळल्यावर पुन्हा कधी आलीच नाही, ते मी तुला ऐकवलं. दुसऱ्या दहा जणी पोंगलच्या नावावर वर्षभर टिकल्या, ते तू मला ऐकवलंस. मला अजूनही तुझं म्हणणं पटत नाही. आता तर पटणार कसं? तुझ्या बाजूनं बोलायला तूच नाहीस, आणि मला एकटीला जिंकायची सवय नाही.

पण एक गोष्ट मी तुला कधी सांगितली नाही. मैलापूरच्या एका प्रतिष्ठित बाई मुलीच्या पोशाखासाठी आल्या होत्या, आणि बाकावर तो गॅसनं भाजलेला पोस्टमन बसला होता. बाई हळूच म्हणाल्या, मुलीचं अरंगेत्रम जवळ आलंय, शुभकार्य आहे, अशी माणसं इथं बसवू नका. तू तोंडातल्या टाचण्या काढल्यास आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, "ह्यांचं माप घेतलं त्याच टेपानं तुमच्या मुलीचं घेतलंय. चालत नसेल तर पोशाख दुसरीकडे टाका." बाई गेल्या, त्यांच्यामागून त्यांच्या ओळखीच्या आणखी काही गेल्या. कलेच्या पावित्र्याबद्दल सर्वांत जास्त बोलणाऱ्या होत्या त्या. त्या दिवशी घरी जाताना बसमध्ये मी कारण नसताना ताठ बसले होते. एवढंच सांगायचं होतं.

आता सेल्वीचं.

सेल्वी ओरगडमच्या एका कारखान्याच्या कँटीनमध्ये काम करते. उकळतं तेल सांडलं ते हनुवटीखाली, गळ्यावर आणि छातीच्या वरच्या भागावर. डॉक्टरांनी मांडीची कातडी काढून तिथं बसवली, ती छान धरली. पण गळ्याची कातडी फार चलाख. नजर चुकली की आखडते. आत्ताचे महिने गेले तर हनुवटी छातीकडे खेचली जाईल आणि पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा पहिल्यापासून. तू सोमवारी तिची मापं घेतलीस, तुकडे कापलेस, आणि म्हणालीस, "शुक्रवारी ये." या वेळी तुला खरोखर शुक्रवार म्हणायचा होता. गुरुवारी सकाळी कॉफीचा पेला हातात असताना तू गेलीस.

तेरावा झाला, सभा झाली, आणि सोमवारी सेल्वीला खोक्यातला ‘मध्यम’ मिळाला. गळ्याशी ढिला. पट्टा ओढून घट्ट केला तर आतली शिवण बरोबर हनुवटीखाली रुतायची. बुधवारी ती आली तेव्हा तिथं लाल वळ होता, आणि त्याहून वाईट म्हणजे ती मान खाली घालून बसली होती. खाली घातली की टोचत नाही, म्हणाली. अक्का, ज्या एका गोष्टीपासून तिला वाचवायचं, तीच तो कपडा तिला शिकवत होता. तुझं नाव छातीवर छापून.

मी संचालकांच्या कार्यालयात गेले. तिथल्या बाईंनी मला पाणी दिलं आणि सांगितलं की सुरुवातीला रुग्णाला थोडं जुळवून घ्यावं लागतं. मग विचारलं, ही पेशंट बोलायला कशी आहे? तिच्यावर छोटा व्हिडिओ करता येईल का? मी म्हटलं, तिला सध्या मान वर करता येत नाही. त्या म्हणाल्या, मग थोडं थांबून करू.

तिथून उठून मी डॉ. इळंगोंच्या खोलीत गेले. सभेत ते व्यासपीठावर होते, खांद्यावर शाल, तोंडातून अक्षर नाही.

"शाल छान होती, सर."

"टोमणे मारायला आलीस की काम आहे?"

"शिवण आत आहे."

"पाहिलं मी. सांगितलंही त्यांना. ते म्हणाले, बाहेरची शिवण फोटोत ओबडधोबड दिसते."

"आणि तुम्ही गप्प बसलात."

त्यांनी टेबलावरचा पेपरवेट उचलून फायलींवर ठेवला. मग म्हणाले, "तुला राग येणं सोपं आहे. यमुनाम्माकडे रांग किती होती, आठवतं? महिना महिना थांबायचे लोक. थांबता थांबता कातडी आखडायची. खोकं वाईट आहे, पण हातात मिळतं तरी. शिवणारी एकच बाई होती. ती गेली. आता कुणाला सांगू?"

हे खरं होतं, म्हणून मला जास्तच राग आला. म्हटलं, "दुकानात चला." ते भाजलेल्या माणसांना घाबरत नाहीत, संचालकांना थोडे घाबरतात, आणि भामाला फार घाबरतात. तरी आले.

भामानं दारातच सांगितलं, "चपला बाहेर." मग मला: "ते काम बंद. मार्गळी महिन्याचा नाचगाण्याचा सीझन डोक्यावर आहे, बारा मुलींचे पोशाख पडलेत." मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं की भामाला आमची भाजलेली माणसं दुकानात नको असतात. मी म्हटलं, "मग सेल्वीचे कापलेले तुकडे तरी दे. मी दुसरीकडे शिवून घेते."

ती आत गेली, गाठोडं आणून टेबलावर आपटलं. आणि मग तिचा बांध फुटला.

"मज काय येतं ह्यातलं? कधी शिकवलं तिनं? मी जवळ आले कीं कापड पालथं घालायची! मी नाचाचंच कापायचं, हें तिचं. सभेत म्हणाले, ज्ञान वाटलं. कोणास वाटलं? सांगा कीं, डॉक्टर! कोणास?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी गाठोड्याची गाठ सोडू लागले.

अक्का, मला वाटलं होतं माझा सगळा राग त्या पांढऱ्या खोक्यांवर आहे. त्यातला बराच तिथं त्या टेबलाशी तुझ्याकडे वळला. तू निगर्वी असतीस तर बरं झालं असतं, अगदी फोटोतल्याइतकी नाही, जराशी. शेजारच्या मशीनवर बसलेल्या बाईला तू जवळ येऊ दिलं नाहीस, कारण मग ‘शिवलंय कोणी’ या प्रश्नाला दोन उत्तरं झाली असती. तुझ्या या हट्टामुळे ते खोकं इतक्या सहज आत शिरलं. त्यांना एकच जागा रिकामी करायची होती, आणि ती तूच करून गेलीस. मेलेल्या माणसावर रागावण्यात एक मोठी गैरसोय आहे. तो राग समोर ठेवता येत नाही, पुन्हा उचलून घरी आणावा लागतो.

भामा रडून झाल्यावर डोळे पुसून म्हणाली, "ती मुलगी कुठं आहे?"

काल दुपारी सेल्वी दुकानात आली. डॉक्टर ओपीडी संपवून आले, चपला न सांगता बाहेर काढल्या. भामानं तुझे तुकडे टेबलावर मांडले, सेल्वीच्या गळ्याचं माप घेतलं आणि तुकड्यांवर टेप धरून बराच वेळ बघत राहिली, तू माप कुठं किती कमी केलंस ते. कुठं उमगलं, कुठं नाही. जिथं नाही तिथं मी बोट ठेवून सांगितलं, इथं हाड आहे, इथं कमी दाब, इथं जास्त. "जास्त म्हणजे किती? चोळीइतका कीं कमरपट्ट्याइतका?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "कमरपट्ट्याइतका." तेव्हा कुठं आम्ही एका भाषेत आलो.

कच्चे टाके घालून पहिल्यांदा चढवला तेव्हा ढिला होता; घाबरून तिनं सैल धरला होता. डॉक्टरांनी अंगठ्यानं दाबून पाहिलं आणि मान हलवली. उसवला. दुसऱ्यांदा इतका घट्ट झाला की सेल्वी म्हणाली, "भामाक्का, मला भाजलंय, फाशीची शिक्षा झालेली नाही." पुन्हा उसवला. भामा तोंडात टाचण्या धरून काहीतरी पुटपुटत होती. सेल्वी आता थांबायला तयार नव्हती: कानामागं टोचतंय, खांद्याशी चुणी पडते, ही आकाशी पट्टी नको, जांभळी लावा. तीन आठवडे मी तुझ्याबद्दल फक्त स्तुती ऐकत होते. एवढी तक्रार ऐकून मला बरं वाटलं.

तिसऱ्यांदा बसला. शिवणी बाहेर, वर जांभळी पट्टी. डॉक्टरांनी कडेला बोट घालून पाहिलं, मग अंगठा दाबून. दोष न काढता हात मागं घेतला. त्यांच्या भाषेत ही फार मोठी गोष्ट असते, ते तुला माहीत आहे.

"आता मान वर कर," मी सेल्वीला म्हटलं.

ती हलली नाही. सवय झाली होती. भामानं तिच्या हनुवटीखाली दोन बोटं धरली, लावली नाहीत, नुसती धरली. सेल्वीनं हळूहळू मान उचलली. समोरच्या पोशाखांपर्यंत, वरच्या फळीपर्यंत, मग पार छतापर्यंत. कपडा सरकला नाही. ती तशीच राहिली. इतका वेळ राहिली की मला वाटलं, कुठंतरी रुतलं.

"काय झालं?"

"पंखा," ती म्हणाली. "कधी पुसलाय की नाही?"

भामानं टाचण्या काढल्या. "तुला मान वर करायला सांगटलं, नावं ठेवायला नाहीं."

"वर केल्यावर दिसणारच की!"

डॉक्टरांनी वर पाहिलं. मीही पाहिलं. खरंच फार धूळ होती, अक्का.